परगावची पहिली काईल

सन १९४६. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यात वीस निघतात, पण तो आकडा मास्तरांनी माझी उंची बघून लावलेला. आई एकोणीस म्हणायची आणि मी आईचं धरतो. शाळा म्हणाल तर दुसरी पुरी झाली आणि तिसरीच्या पावसाळ्यात सुटली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लिहायला येतं, वाचायला येतं, एवढ्यावर माझं अडलं नाही.

धंद्यानं मी गुळव्या. हल्ली हे सांगावं लागतं. गुऱ्हाळावर उसाच्या रसाचा गूळ करणारा जो कारागीर, तो गुळव्या. ऊस शेतकऱ्याचा, बैल शेतकऱ्याचे, माणसं शेतकऱ्याची. पण काईल, म्हणजे रस आटवायची ती चौघांनी उचलायची लोखंडी पसरट कढई, एकदा चुलवाणावर चढली की उतरेपर्यंत तिथं हुकूम एकट्या गुळव्याचा. जाळ वाढव म्हटलं की वाढवायचा, ओढ म्हटलं की ओढायचा. मालकसुद्धा तिथं तोंड उघडत नाही. अशी रीत होती आणि मला ती फार आवडायची. एकोणीस वर्षांच्या पोराचं ऐकायला चार बाप्ये उभे राहतात, हे दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळायचं?

शिकलो मामांच्या हाताखाली. कृष्णाकाठी, सांगलीच्या खालच्या अंगाला आमची गावं. पाच हिवाळे मी मामांच्या मागं काईलीवर उभा राहिलो. मळी, म्हणजे रसावर येणारा मळकट फेस, काढली, चुना घातला, भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चिकट रस घातला. शेवटच्या दोन हिवाळ्यांत मामा बाजूला विडी ओढत बसायचे आणि गोळी मीच बघायचो. गोळी बघणं हे सगळ्यात मोठं काम. रस आटून पाक झाला की त्यातला थेंबभर काढून पाण्यात टाकायचा आणि बोटांत वळायचा. गोळी ताठ झाली, पितळीवर टाकली की टण्‌ वाजली, की काईल उतरवायची. अलीकडं उतरवली तर गूळ बसत नाही, नुसता चिकचिकतो. पलीकडं गेली तर करपतो. मधली वेळ म्हणाल तर एक विडी ओढून व्हायची नाही एवढीच.

त्या वर्षी पौषात कऱ्हाडकडचे एक बागाईतदार गूळ विकायला सांगलीच्या पेठेत आलेले, ते मामांकडं आले. त्यांचा नेहमीचा गुळव्या आजारी पडलेला आणि ऊस तोडीला आलेला.

मामा म्हणाले, "मला न्हाई जमायचं. माझा हंगाम हितंच बांधलाय."

मी म्हणालो, "मी जातो."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "एक हिवाळा थांब की रं. परगावचं काम येगळं."

"ऊस त्योच, चुलवाण त्येच. येगळं काय असतंय?"

"येगळं काय असतंय त्ये सांगता येत असतं तर सांगितलं नसतं व्हय? गेल्यावर कळतंय."

"मग जाऊनच बघतो की."

बागाईतदार हसले. त्यांना माझा ताठा आवडला असावा. दोन दिवसांनी मी मिरजेला गाडीत बसलो. आयुष्यात एकट्यानं पहिल्यांदा. वळकटीत एक घोंगडी, दोन धोतरं, एक बंडी आणि आईनं दिलेल्या भाकऱ्या. भाकऱ्या मी वळकटीच्या पार आतल्या घडीत घातल्या, कारण गाडीत भाकरी सोडून बसणं मला पोरकटपणाचं वाटलं. कामाला निघालेला माणूस मी.

समोर लामेवरून, म्हणजे लढाईवरून, सुटून आलेला एक शिपाई बसला होता. अंगात खाकी कोट, पायात बूट, शेजारी लोखंडी पेटी. त्यानं विचारलं, "किधर, पैलवान?"

"कऱ्हाडला. कामावर."

"काय काम?"

"गुळव्या हाय मी."

त्यानं माझ्या वरच्या ओठाकडं निरखून बघितलं. "अजून मिशी बसंना, गूळ काय बसायचा रं?"

डब्यातली माणसं हसली. मी खिडकीबाहेर तोंड केलं. थोड्या वेळानं त्यानं पेटी उघडून पुरीएवढ्या बिस्किटाचा तुकडा पुढं केला. "घे गड्या. रागावू नगं. मी भरती झालो तवा मला बी असंच हसले हुते."

मी नको म्हणालो. त्यानं दोनदा पुढं केला, मी दोनदा नको म्हणालो. भूक पोटात कुरतडत होती. ते बिस्कीट कसलं होतं ते मला कधीच कळलं नाही आणि त्याची चव घ्यायची राहून गेली याचं आज ऐंशीच्या वर गेल्यावरही वाटतं. कऱ्हाड आलं तेव्हा त्या भल्या माणसानं माझी वळकटी खिडकीतून खाली दिली. म्हणाला, "पहिली ढेप काढलीस की माझं नाव घे." नाव मात्र त्यानं सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही.

स्टेशन गावापासून लांब. चालत गावात आलो, गाव ओलांडून मलकापूर, तिथून पुढं डोंगराच्या बाजूला दोन अडीच कोस. एका ओढ्यावर कोणी नाही असं बघून वळकटी सोडली आणि तीन भाकऱ्या उभ्या उभ्या खाल्ल्या. दिवस कलायला लागला तसं अंग काकडायला लागलं. आमच्याकडं नदीकाठी थंडी असते, पण ती ओली, अंगाला सावकाश लागणारी. इथली डोंगरावरून सरळ खाली येत होती. जमीनही वेगळी, तांबूस, पायाखाली मुरूम वाजणारी. मी बघितलं आणि म्हटलं, असू दे की.

मालकांचं गुऱ्हाळ विहिरीला लागून होतं. मोठं जांभळाचं झाड, त्याच्या एका अंगाला बैलांचा घाणा, दुसऱ्या अंगाला चुलवाण आणि वर पाचटाचा मांडव. मालकांनी सगळ्यांना सांगितलं, "हे आपलं गुळवं." चुलवाणात चिपाडं टाकून जाळ घालणारा जळव्या, एक पिकल्या केसांचा गडी होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गुळवं मागनं येत्यात व्हय? ह्यो वळकटी घिऊन पुढं आलाय जनू."

"मीच गुळव्या."

"आसं व्हय!" म्हणाला आणि चिपाडं रचायला लागला. त्यानं तोंडावर हसायचं टाळलं, पण त्याची पाठ हसत होती.

जांभळाखाली एक म्हातारे बसले होते. मांडीजवळ अंबाडीचा वाख, आणि ते चऱ्हाट वळत होते. बघताना लक्षात आलं की त्यांचे डोळे हातांकडं नाहीतच, सरळ पुढं कुठंतरी आहेत. मालकांचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणायचे. दोन्ही डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आलेला, दिसायचं नाही. मी पाया पडलो तसे त्यांनी माझे हात चाचपले. तळव्यावरचा घट्टा अंगठ्यानं दाबून बघितला.

"किती हिवाळं केलंस?"

"पाच."

"कुनाच्या हाताखाली?"

मामांचं गाव सांगितलं. आबांनी मान हलवली आणि हात सोडला. एवढंच.

जेवायला मला पहिल्यांदा वाढलं. गुळव्याचं ताट आधी, ही तिथली रीत. मालक थांबलेले, आबा थांबलेले, आणि मी एकटा ताटावर. घरी मी कधी मामांच्या आधी घास घेतला नव्हता. वहिनी, म्हणजे मालकांच्या घरच्या, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी थोरल्या असतील. त्या दाराआडून म्हणाल्या, "लाजू नगा भावजी. उद्यापासनं आमचं सगळं वरीस तुमच्याच हातात हाय."

त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. मी मात्र दुसरी भाकरी न मागताच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी चुलवाणाची पूजा झाली. गुळव्याचा मान म्हणून वहिनींनी कोरा मातीचा डेरा विहिरीच्या पाण्यानं आदल्या संध्याकाळीच भरून जांभळाखाली ठेवला होता. त्याच्या गळ्याला हळदीकुंकू लावलेलं. गोळी बघायचं पाणी तेच. काईल चढली. पहिल्या दिवशी एकच आदण, म्हणजे एकाच काईलीचा गूळ, देवाला आणि गावाला वाटायचा. त्यामुळं गाव जमलेलं. मळी वर आली, मी काढली. चुना घातला, भेंडी घातली. रस आटला, पिवळा फेस उसळला, बसला. मी हुकूम देत होतो आणि सगळं माझ्या हातात लोण्यासारखं चाललं होतं. पाकाचा थेंब काढला, डेऱ्यातल्या पाण्यात टाकला. गोळी ताठ. पितळीवर टाकली. टण्‌ वाजली.

"उतरवा!"

चौघांनी काईल उचलली, वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ खड्ड्यात, ओतली. नैवेद्याचा पहिला थेंब मी चुलवाणात सोडला. लोकांनी गरम गूळ पानांवर घेऊन चाटला, वाहवा म्हणाले. गरम गूळ सगळ्यांनाच गोड लागतो.

दुपारी ढेपीचं फडकं सोडलं. ढेप उभी राहायला पाहिजे होती. ती आजारी म्हशीसारखी हळूच एका अंगावर बसली. मी बोट लावलं, बोट आत गेलं.

मालक म्हणाले, "हुतंय कवा कवा. पहिला दिस हाय."

जळव्या गडी म्हणाला, "देवाला मऊच लागतंय. दात कुठं हायत त्येला?"

मी हसलो नाही. रात्रभर विचार केला आणि ठरवलं की दोष उसाचा. मुरमाड जमिनीचा ऊस, याला चुना जास्त लागत असणार. सकाळी चुना वाढवला. रंग काळवंडला. गोळी बघितली, कालच्यापेक्षा थोडी अजून थांबून बघितली. गोळी दगडासारखी, टण्‌ वाजली. उतरवली. दुपारी बघतो तर पुन्हा तेच. काळी आणि चिकट. ढेप कसली, नुसता लगदा.

आता कोणी विनोद केला नाही. तेच मला जास्त लागलं. मालक मला विहिरीच्या कडेला घेऊन गेले. माणूस सज्जन. आवाज चढवला नाही.

"गुळवं, दोन आदनं गेली. फडात ऊस तोडून पडलाय, वाळाया लागलाय. उद्याचं एक आदन बघतो. त्ये बी आसंच झालं तर मलकापूरच्या अंगाचा एक गुळव्या हाय, परवा सकाळी त्येला आनतो. तुमी मनाला लावून घिऊ नगा. वय लहान हाय तुमचं."

वय लहान आहे हे त्यांनी म्हणायला नको होतं. परत जायचं म्हणजे मामांच्या दारात वळकटी घेऊन उभं राहायचं. मामा काही बोलले नसते. पण एक गोष्ट आमच्या धंद्यातली अशी की गुळव्याला एकदा कुठल्या गुऱ्हाळावरून हंगामाच्या मध्येच परत पाठवला की ते पेठेत पोचतं, आणि पेठेतून चारी बाजूंना जातं. पुढं त्याला कोण बोलावत नाही. मग तो दुसऱ्याच्या काईलीवर मळी काढत म्हातारा होतो. मी असे दोघं बघितले होते. मला तसं व्हायचं नव्हतं. मला गुळव्याच व्हायचं होतं.

दिवस मावळायला अजून अवकाश होता. माणसं फडात गेली होती. मी मांडवात एकटाच काईल घासत बसलो. घासायचं काम माझं नव्हतं, पण हाताला काहीतरी पाहिजे होतं. जांभळाखाली आबा चऱ्हाट वळत होते. त्यांच्याकडं बघता बघता मला एक आठवलं. काल मी "उतरवा" म्हणालो तेव्हा आबांचे हात थांबले होते. वळता वळता मध्येच थांबले आणि तोंड काईलीकडं फिरलं. आजही तसंच झालं होतं. दोन्ही दिवस दिवसभर तो माणूस वळतच होता, आणि दोन्ही दिवस हात थांबले ते नेमके त्याच वेळेला.

मी उठलो, पुन्हा बसलो. पुन्हा उठलो. मी सांगतो, अडीच कोस चालून येणं सोपं होतं. त्या झाडापर्यंतची पंधरा पावलं मला जड गेली. मी कुणाला विचारणारा माणूस नव्हे. मामांनासुद्धा मी विचारून शिकलो नव्हतो, बघून शिकलो होतो.

"आबा."

"ये. बस."

बसलो. वाखाचा एक धागा बोटांत घेतला. शेवटी म्हणालो, "तुमचा हात थांबला हुता. दोन्ही येळंला."

आबा हसले. तोंडात दोनच दात होते. "बघितलंस व्हय? मला वाटलं हुतं, तुला काईलीबिगर काय दिसत न्हाई."

"का थांबला?"

"काईल बोलत हुती आजून. आन तू उतरवलीस."

मग त्यांनी सांगितलं. रस पातळ असतो तेव्हा काईल बडबडते, खळखळ खळखळ. आटत जाईल तशी सावकाश बोलते, मोठे मोठे बुडबुडे, फद्‌, फद्‌, एकेक शब्द टाकावा तशी. आणि पाक झाला की एक घडी अशी येते की ती गप्प बसते, नुसता उसासा टाकते. तेव्हा उतरवायची. आबा स्वतः बेचाळीस हिवाळे गुळव्या होते. तोवर घरच्या गुऱ्हाळावर दुसरा गुळव्या कधी लागलाच नव्हता. डोळ्यांवर सारा आल्यावरही एक हिवाळा त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मग एक दिवस फेसाचा रंग दिसला नाही, हट्टानं कानावरही विश्वास ठेवला नाही, आणि एक पुरी काईल करपली.

"पोरगं म्हनलं, आबा, आता बास. तवापासनं काईलीकडं पाठ करून बसतो. डोळं मिटलेलंच हायत. पन कान कुठं नेऊ?"

मला राग आला. खरंच आला. "तुमाला कळत हुतं आन तुमी सांगितलं न्हाई? दोन आदनं गेली माझी!"

आबांचा आवाज एकदम घट्ट झाला. "कसं सांगनार? काईलीवर गुळव्याचा शबूद. मला बेचाळीस हिवाळ्यात कुनी सांगितलं आसतं तर मी त्येच्या अंगावर उलथनं टाकलं आसतं. तू गुळव्या म्हनून आलायस ह्या दारात. तुला चार मानसांत आंधळा म्हातारा सांगाया लागला तर तुझं काय ऱ्हातंय?"

माझी अब्रू राखायला तो म्हातारा दोन दिवस ओठ दाबून बसला होता, आणि मी त्याच दोन दिवसांत उसाला, जमिनीला, चुन्याला शिव्या घालत होतो.

"पन गोळी वाजली आबा. टण्‌ वाजली. माझी गोळी कदी चुकली न्हाई."

"पानी कुठलं घेतलंस?"

"डेऱ्यातलं. वैनींनी मानानं ठेवलंय."

"हात घाल बघू त्यात."

मी उठलो आणि डेऱ्यात हात घातला. मनगटापर्यंत घातला आणि झटकन बाहेर काढला. कोरा डेरा, रात्रभर डोंगराच्या वाऱ्यात पाझरलेला, दिवसभर सावलीत. बोटं बधिर झाली.

"ह्या पान्यात चिखुल टाकलास तरी टण्‌ वाजंल," आबा म्हणाले. "तुझा मामा पानी कुठं ठेवतो?"

मी डोळे मिटून मामांचं गुऱ्हाळ आठवलं. पितळेची घागर. चुलवाणाच्या भिंतीला टेकून ठेवलेली. पाच हिवाळे मी त्याच घागरीत हात घातला होता आणि ते पाणी कोमट असतं हे माझ्या बोटांना ठाऊक होतं, मला ठाऊक नव्हतं. मामांनी ते कधी सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे असं त्यांनाही वाटलं नसेल. गार पाण्यात कच्चा पाकसुद्धा ताठ होतो. मी दोन्ही दिवस वेळेच्या कितीतरी आधी काईल उतरवली होती, आणि वर उसाला नाव ठेवून चुना ओतला होता.

मला हसू आलं. मग काय झालं कळलं नाही, रडू आलं. घर सोडून तिसरा दिवस होता. आबांनी वाख बाजूला ठेवला. हात पुढं करून माझं डोकं शोधलं, आधी खांदा सापडला, मग डोकं. त्यांच्या हाताला अंबाडीचा वास येत होता.

"ये लेकरा. गूळ काय आन मानूस काय, कच्चाच उतरवला की चिकाटतोय. जरा आटू दे."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता तुला कळलं. उद्या घागर चुलवानाजवळ ठेव, चुना पैल्यासारखा घाल, आन तुझं तू कर. हे बोलनं हितंच ऱ्हाऊ दे. पोराला मी काईलीत लक्ष घातलेलं आवडायचं न्हाई, आन तुला बी कमीपना नगं."

"व्हय," म्हणालो मी.

आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. कुणाला कळायचं कारण नव्हतं. घागर हलवायची, चुना कमी करायचा, गूळ बसणार, जळव्याचं तोंड बंद होणार. पुढं त्या गुऱ्हाळावर मी सहा हिवाळे काईल उतरवली आणि एकही ढेप मऊ निघाली नाही, तेव्हा नुसत्या घागरीनंही माझं भागलं असतं हे आज मी सांगू शकतो. तेव्हा तेवढी खात्री नव्हती, पण बऱ्यापैकी होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. पुन्हा माझं ताट पहिलं. आबा भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून थांबलेले. बेचाळीस हिवाळे पहिलं ताट त्यांचं होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आता सुचलं. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं, ना राग ना दुःख. फक्त चुलीवर कालवण रटरटत होतं आणि त्यांचा कान तिकडं होता.

मी वहिनींना म्हणालो, "आबांना वाढा. मी त्यांच्यासंगं बसतो."

"भावजी, रीत हाय तशी..."

"मग रीत माझ्यासाठी हाय नव्हं? मीच सांगतोय."

मालकांनी मान वर केली. आबा माझ्या शेजारी सरकून बसले. आम्ही दोघांनी एकदम पहिला घास घेतला. त्या घरातली भाकरी मला त्या दिवशी पहिल्यांदा गोड लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडं फुटायच्या आधी मी उठलो. घागर भरून चुलवाणाच्या भिंतीला लावली. घाणा फिरायला लागला, रस आला, काईल चढली. माणसं गोळा झाली, मालक हाताची घडी घालून मांडवाच्या खांबाला टेकले. मळी काढली. चुना घातला, पहिल्या दिवसाइतकाच. फेस चढला आणि बसायला लागला, तसा मी काईल सोडून जांभळाखाली गेलो. आबांचा दंड धरला.

"हे काय?" आबा हळूच म्हणाले. "काय ठरलं हुतं आपलं?"

"उठा."

"गुळव्या, मानसं बघत्यात."

"बघू द्यात. काईलीवर माझा शबूद हाय नव्हं? चला."

मी त्यांना धरून चुलवाणापर्यंत आणलं. जाळ घालणाऱ्या गड्याचा हात चिपाडं धरून तसाच राहिला. मालक खांबापासून हलले, एक पाऊल पुढं आले. मला वाटलं आता बोलणार. ते वळले, कोपऱ्यातलं गोणपाट उचलून झटकलं, चौघडी करून चुलवाणाच्या ओट्यावर टाकलं आणि वडिलांना त्याच्यावर बसवलं. बसवताना त्यांचा हात आबांच्या पाठीवर जरा जास्त वेळ राहिला.

मी पाकाचा थेंब काढला, कोमट पाण्यात टाकला. गोळी वळली. ताठ झाली होती. माझ्या मनानं झाली होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी गोळी हातात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारलं,

"आबा, उतरवू का?"

आबांनी मान एका बाजूला कलवली. काईल फद्‌ म्हणाली. थोडी थांबून आणखी एकदा म्हणाली. आबांनी हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. कोणी हललं नाही, बैलांच्या गळ्यातलं तेवढं वाजत होतं. मग आबांचा हात सावकाश खाली आला.

मी चौघांना हाक दिली. तीन गडी आले, चौथ्या कडीला स्वतः मालक लागले, आणि आम्ही काईल उचलली.